दातांच्या खुर्चीत गुंगी : फिट, कंपवात असलेल्यांनी आधी काय सांगायचं, काय विचारायचं?

इन्स्टाग्रामवर दातांच्या क्लिनिकचे रील्स तुम्हीही पाहिले असतील. पेशंट खुर्चीत डोळे मिटून निवांत पडलेला, मागे गाणं सुरू आणि खाली कॅप्शन अशा अर्थाचं, की तुम्ही फक्त झोपा, उठाल तेव्हा अक्कलदाढ निघालेली असेल. दातांच्या डॉक्टरांची धास्ती असलेल्या माणसाला हे बघून बरंच वाटतं. एरवी तब्येत चांगली असलेल्या बहुतेकांसाठी ही चांगली सोय आहे आणि नीट दिली तर सुरक्षितही आहे.

पण त्याच क्लिनिकमध्ये अनेक वर्षं फिट्सची गोळी घेणारी मुलगी येते. हात थरथरणारे, कंपवाताचे आजोबा येतात. सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल येतं, ज्याला तोंड उघडं धरून ठेवणंच जमत नाही. गुंगीची गरज यांना सगळ्यात जास्त असते आणि गुंगीचा धोकाही यांनाच जास्त असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार, म्हणजे आपण ज्याला फिट किंवा फेफरं म्हणतो तो आजार आहे. कंपवाताच्या म्हणजेच पार्किन्सन्सच्या रुग्णांची संख्या २०१९ मध्येच ८५ लाखांच्या वर गेली होती. दातांचे आणि तोंडाचे आजार तर सुमारे ३५० कोटी लोकांना आहेत. त्यामुळे मेंदूचा आजार आणि दातदुखी एकाच माणसाला असणं अजिबात दुर्मीळ नाही.

मग अशा माणसाला गुंगी द्यायची की नाही? द्यायची तर कुणी, कुठे आणि कशी? समजून घेऊ.

गुंगी म्हणजे भूल नाही, पण फार लांबही नाही

आधी शब्द स्पष्ट करू. दाढ काढताना हिरडीत जे इंजेक्शन देतात, त्याने फक्त तेवढी जागा बधीर होते. तुम्ही पूर्ण जागे असता.

सिडेशन म्हणजे गुंगी वेगळी. भूलशास्त्रात तिच्या पायऱ्या मानतात. पहिल्या पायरीवर माणूस जागा असतो, फक्त भीती कमी झालेली असते. दुसऱ्या पायरीवर डोळे मिटलेले असतात, पण हाक मारली किंवा हलवलं की तो प्रतिसाद देतो. तिसरी म्हणजे खोल गुंगी. इथे त्याला सहज उठवता येत नाही आणि श्वासाला मदत लागू शकते. त्यापुढे पूर्ण भूल.

या पायऱ्यांच्या मध्ये भिंती नाहीत. दुसऱ्या पायरीसाठी दिलेलं औषध एखाद्याला तिसऱ्या पायरीवर नेऊ शकतं. कुणाला किती औषध लागेल हे वय, वजन, यकृत आणि आधीपासून चालू असलेली औषधं यावर ठरतं. म्हणून भूलशास्त्राचा एक साधा नियम आहे. जो गुंगी देतो, त्याला पेशंट ठरवल्यापेक्षा एक पायरी खोल गेला तरी त्याला सांभाळता आलं पाहिजे.

दातांच्या कामात आणखी एक अडचण असते. डॉक्टर ज्या तोंडात काम करतात, त्याच वाटेने पेशंट श्वास घेतो. ड्रिलचं पाणी, रक्त, लाळ, कापूस, कधी दाताचा तुकडा, सगळं घशाच्या तोंडाशी असतं. जागा माणूस ठसका देतो, गिळतो, हात वर करून थांबवतो. गुंगीतल्या माणसाच्या या सवयी मंदावतात. आणि ज्याचं गिळणं आजारामुळे आधीच बिघडलंय, त्याच्यासाठी ही धोक्याची जागा होते.

आजार वेगळा, धोका वेगळा

'न्यूरोचा पेशंट' असा एकच शिक्का मारून चालत नाही. प्रत्येक आजारात लक्ष ठेवायची जागा वेगळी आहे.

अपस्मार : गुंगीसाठी मिडाझोलाम हे औषध खूप वापरतात. ते स्वतः फिट थांबवणारं औषध आहे. अनेक घरांत त्याचा नाकात मारायचा स्प्रे ठेवलेला असतो. त्यामुळे हे औषध अपस्माराच्या पेशंटचं शत्रू नाही. अडचण दुसरीकडे आहे. पेशंट आधीच क्लोबाझामसारखी त्याच कुळातली गोळी घेत असेल, तर दोन्हींची गुंगी एकावर एक चढू शकते. याउलट कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन चालू असेल, तर शरीर तोंडावाटे दिलेलं मिडाझोलाम झपाट्याने निकामी करतं. नेहमीचा डोस लागूच पडत नाही आणि मग 'थोडं अजून देऊ' असा मोह होतो.

कंपवात : इथे गिळणं मंद असतं, लाळ साचते, उठून उभं राहताना बीपी पडतं. काहींना सेलेजिलिन किंवा रासाजिलिन या गोळ्या चालू असतात. त्यांच्यासोबत पेथिडिन हे वेदनाशामक दिलं तर जिवावर बेतू शकतं. ट्रामाडॉलही टाळलं जातं. मळमळ थांबवायला सर्रास देतात ते मेटोक्लोप्रामाइड कंपवात वाढवतं. मेंदूत डीबीएसचं यंत्र बसवलं असेल, तर काही विद्युत उपकरणं वापरण्याआधी डॉक्टरांना ते माहीत असावंच लागतं.

मायस्थेनिया ग्रेव्हिस : या आजारात स्नायू लवकर थकतात, श्वासाचेसुद्धा. मिडाझोलामच्या कुळातली औषधं इथे फार जपून वापरावी लागतात किंवा टाळावी लागतात. काही अँटिबायोटिक्सनेही हा आजार उसळतो. त्यात अझिथ्रोमायसिनसारखी अगदी ओळखीची नावं आहेत.

मस्क्युलर डिस्ट्रॉफी : पूर्ण भूल देताना वापरली जाणारी काही औषधं, विशेषतः सक्सामेथोनियम, या रुग्णांत रक्तातलं पोटॅशियम एकदम वाढवून हृदय बंद पाडू शकतात. म्हणून यांचं भुलीचं काम तयारी असलेल्या हॉस्पिटलमध्येच व्हायला हवं.

सेरेब्रल पाल्सी : लाळ, अन्न वर येण्याचा त्रास, वाकलेला पाठीचा कणा, यामुळे खुर्चीत आडवं झोपवणंच धोक्याचं ठरू शकतं. अनेकदा सोबत अपस्मारही असतो.

डिमेन्शिया : गुंगीची गोळी दिल्यावर शांत होण्याऐवजी आजी अधिकच गोंधळतात, घाबरतात, माणसं ओळखत नाहीत. हा गोंधळ घरी गेल्यावरही राहू शकतो.

'उपाशीपोटी या' आणि सुटलेली गोळी

आता सगळ्यात साध्या आणि सगळ्यात जास्त वेळा होऊ शकणाऱ्या चुकीकडे येऊ.

गुंगीच्या आधी पोट रिकामं हवं, कारण उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. प्रौढांसाठी साधारण नियम असा, की हलकं खाणं ६ तास आधी बंद, तेलकट-जड जेवण ८ तास आधी आणि साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. क्लिनिकमधून मात्र एवढंच सांगितलं जातं, 'सकाळी उपाशीपोटी या.' आपल्याकडे उपाशीपोटी म्हणजे काहीच नाही. मग सकाळची गोळीही राहते.

रक्तदाबाची गोळी दोन तास उशिरा घेतली तर बहुतेक वेळा निभावतं. फिटच्या गोळीचा डोस चुकला, वर उपास, रात्रीची अपुरी झोप आणि भीती, तर फिट यायला लागणारी बहुतेक कारणं एकाच सकाळी जमा झाली. कंपवातात लेव्होडोपाची वेळ चुकली की शरीर ताठरतं, जबडा नीट उघडत नाही, गिळणं आणखी बिघडतं. म्हणजे गुंगी सुरक्षित करायला ठेवलेला उपासच गुंगी असुरक्षित करतो.

म्हणून बहुतेक वेळा नेहमीची न्यूरोची गोळी घोटभर पाण्यासोबत वेळेवर घ्यायची असते. पण हे स्वतः ठरवू नका. डॉक्टरांना थेट विचारा : 'त्या दिवशी सकाळची गोळी घ्यायची ना? किती वाजता?' कंपवात असेल तर अपॉइंटमेंटच अशी मागा, की औषधाचा असर चांगला असतानाची वेळ मिळेल.

उताऱ्याच्या औषधालाही अट आहे

'काही झालंच तर उतारा आहे' हे वाक्य अनेकदा ऐकायला मिळतं. ते खरं आहे. मिडाझोलामचा असर उतरवणारं फ्लुमाझेनिल नावाचं औषध आहे.

पण जो पेशंट फिटसाठी कायम त्याच कुळातल्या गोळ्या घेतो, त्याला फ्लुमाझेनिल दिल्यावर फिट येऊ शकते. म्हणजे धडधाकट माणसासाठी जी सुटकेची वाट आहे, तीच इथे नवा धोका बनते. त्यामुळे अशा पेशंटमध्ये सुरुवातीलाच डोस कमी ठेवणं, हळूहळू वाढवणं आणि गरज पडली तर हाताने श्वास देण्याची तयारी असणं, यावर जास्त भर द्यावा लागतो.

हसवणारा वायू आणि बी-१२

नायट्रस ऑक्साइड, म्हणजे ज्याला लाफिंग गॅस म्हणतात, तो दातांच्या कामात बराच सुरक्षित मानला जातो. मास्क लावला की असर, काढला की काही मिनिटांत उतार. अपस्माराच्या आणि सेरेब्रल पाल्सीच्या अनेक रुग्णांना तो चालतो.

पण हा वायू शरीरातलं बी-१२ जीवनसत्त्व निकामी करतो. ज्याचं बी-१२ व्यवस्थित आहे, त्याला एखाद्या वेळच्या वापराने सहसा फरक पडत नाही. ज्याचं आधीच खूप कमी आहे, त्याच्या मज्जारज्जूला मात्र इजा होऊ शकते. पायाला मुंग्या, चालताना तोल जाणं अशी लक्षणं दिसतात, तीही काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी. तेव्हा दातांच्या कामाशी त्यांचा संबंध कुणाच्या लक्षातही येत नाही.

शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता सर्रास आढळते, हे आपल्याला माहीत आहे. त्यामुळे हाता-पायाला मुंग्या येतात, चालताना तोल जातो, किंवा रिपोर्टमध्ये बी-१२ कमी आलंय, असं असेल तर मास्क लावण्याआधी सांगा.

मग गुंगी टाळलेलीच बरी?

एवढं वाचल्यावर कुणालाही वाटेल, की नकोच ती गुंगी. बऱ्याच कुटुंबांना हाच अनुभव येतो. 'न्यूरोचा पेशंट आहे, आम्ही हात लावणार नाही,' असं एक क्लिनिक सांगतं, दुसरं सांगतं, आणि दात तसाच राहतो.

पण न केलेल्या उपचाराचाही धोका असतो. किडलेल्या दाताचा पू जबड्यात पसरतो. ज्यांचं गिळणं कमकुवत आहे, त्यांच्या तोंडातले जंतू लाळेसोबत फुप्फुसात गेले की न्यूमोनिया होतो. बोलता न येणाऱ्या मुलाला दात दुखत असेल, तर ते जेवण सोडतं, डोकं आपटतं, रात्रभर रडतं, आणि घरच्यांना वाटतं आजार वाढला. फेनिटॉइनमुळे तर हिरड्याच सुजून वाढतात. म्हणजे दातांच्या डॉक्टरांची गरज या माणसांना इतरांपेक्षा लवकर पडते.

आणि गुंगी न देता चौघांनी हात-पाय धरून दात काढणं? त्यात झटापटीत इजा होते, फिट येऊ शकते, आणि ते मूल पुन्हा कधी खुर्चीत बसत नाही. गुंगी द्यायची की नाही, हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. कोण देणार आणि कोण बघणार, हेही ठरवावं लागतं.

श्वासावर नजर कुणाची?

२०१५ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियात केलेब सीयर्स या सहा वर्षांच्या मुलाचा दात काढण्यासाठी दिलेल्या भुलीनंतर मृत्यू झाला. त्याला मेंदूचा काही आजार नव्हता. पण त्यानंतर तिथे एका प्रश्नावर मोठी चर्चा झाली : जो डॉक्टर दात काढतोय, तोच भूलही सांभाळत असेल, तर श्वासाकडे बघतंय कोण? २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात 'केलेब्ज लॉ' या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला.

२०१९ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि बालदंतवैद्यांच्या संघटनांनी संयुक्त मार्गदर्शक सूचना सुधारल्या. दातांच्या क्लिनिकमध्ये मुलाला खोल गुंगी किंवा पूर्ण भूल द्यायची असेल, तर दात काढणाऱ्याशिवाय भूल सांभाळणारी प्रशिक्षित व्यक्ती वेगळी असली पाहिजे, असं त्यात स्पष्ट केलं.

दुसरा मुद्दा यंत्राचा. कोविडमुळे बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घराघरात पोहोचला. पण गुंगीत एकटा ऑक्सिमीटर पुरत नाही. नाकातून ऑक्सिजन चालू असेल तर श्वास थांबल्यावरही काही वेळ आकडा ९८ दाखवत राहू शकतो. तो खाली येईपर्यंत मौल्यवान वेळ गेलेला असतो. बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजणारं कॅप्नोग्राफ नावाचं यंत्र मात्र श्वास थांबला की लगेच सांगतं. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१६ मध्ये मध्यम गुंगीसाठीही ही तपासणी आपल्या सूचनांत घातली.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे अनेक दातांच्या क्लिनिकमध्ये भूलतज्ज्ञ बाहेरून बोलावले जातात. ही पद्धत चांगलीच आहे, कारण श्वासाकडे बघणारा माणूस वेगळा असतो. पण हे भूलतज्ज्ञ पेशंटला अनेकदा त्याच दिवशी, थेट खुर्चीत पहिल्यांदा बघतात. न्यूरोलॉजिस्टची फाईल घरी कपाटात, दातांच्या डॉक्टरांकडे फक्त एक्स-रे आणि भूलतज्ज्ञांच्या हातात काहीच नाही. तिघेही आपापल्या कामात हुशार असले, तरी एकमेकांशी बोललेले नसतात. मेंदूच्या आजारात टाळता येण्यासारखा बराचसा धोका या न झालेल्या बोलण्यात असतो.

त्यात लपवाछपवीची भर पडते. आपल्या समाजात अपस्मार सांगायची लाज वाटते, विशेषतः मुलीचं लग्न व्हायचं असेल तर. हिंदू विवाह कायद्यातली अपस्माराबाबतची अट १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकली गेली, पण मनातली गेलेली नाही. मग दातांच्या डॉक्टरांचा फॉर्म भरताना 'इतर आजार' या रकान्यात 'नाही' लिहिलं जातं. त्या एका 'नाही'वर डोस ठरतो.

कायदा रुग्णाच्या बाजूने आहे का? बऱ्यापैकी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये जे २१ प्रकार दिलेत, त्यात सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन्स आणि 'दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार' हा स्वतंत्र प्रकारही आहे. याच कायद्याचं कलम २५ सरकारी आणि खासगी रुग्णालयांत अडथळाविरहित प्रवेश आणि उपचारांत प्राधान्य देण्याबद्दल बोलतं.

संमतीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सांगितलंय, की पेशंटला उपचार, त्यातले धोके आणि दुसरे पर्याय पुरेसे समजावून मगच संमती घ्यायची. एका गोष्टीसाठी दिलेली संमती दुसऱ्या गोष्टीला लागू होत नाही. म्हणजे रूट कॅनालच्या फॉर्मवर सही केली म्हणून गुंगीलाही होकार मिळाला, असं गृहीत धरता येत नाही.

२०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोग कायदा मंजूर केला. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याची आणि डेंटल कौन्सिलची जागा घेण्यासाठी तो आणलाय. व्यवसायातली नीतिमत्ता आणि नोंदणी पाहणारं वेगळं मंडळ त्यात आहे. क्लिनिकमध्ये गुंगी कुणी द्यावी, कुठली यंत्रं हवीत आणि दात काढणाऱ्याशिवाय श्वासावर लक्ष ठेवणारा माणूस असावा की नाही, हे प्रत्येक रुग्णाला सहज वाचता येईल अशा भाषेत लिहून ठेवण्याची ही चांगली संधी आहे.

जाण्याआधी एवढं करा

१. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्यांचा आणि न्यूरोलॉजिस्टच्या शेवटच्या चिठ्ठीचा फोटो काढून क्लिनिकला आधीच व्हॉट्सअॅप करा. होमिओपॅथी, आयुर्वेदिक औषधं आणि झोपेच्या गोळ्यासुद्धा त्यात धरा.

२. न्यूरोलॉजिस्टकडून दोन ओळी लिहून आणा : गुंगी चालेल का, कुठलं औषध टाळायचं. शेवटची फिट कधी आली होती, ती किती वेळ होती, हे स्वतः लिहून ठेवा.

३. विचारा, गुंगी कोण देणार आणि दात काढताना पेशंटकडे कोण बघणार. दोन्हींचं उत्तर एकच नाव असेल आणि गुंगी खोल असेल, तर थांबा.

४. विचारा, ऑक्सिजन, सक्शन, श्वास देण्याची पिशवी आणि कॅप्नोग्राफ आहे का. गरज पडली तर कुठल्या हॉस्पिटलला नेणार?

५. विचारा, गुंगीशिवाय होईल का? सकाळची छोटी अपॉइंटमेंट, जागा नीट बधीर करणं, आधी नुसतं येऊन खुर्चीत बसून जाणं, एवढ्याने अनेकांचं काम भागतं.

६. घरी दिलेल्या गोळ्याही तपासून घ्या. दातदुखीसाठी लिहिलं जाणारं ट्रामाडॉल अपस्मारात फिटचा धोका वाढवतं. कार्बामाझेपिन चालू असताना क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन दिलं, तर कार्बामाझेपिनची रक्तातली पातळी चढते.

७. सोबत मोठं माणूस हवंच. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, आणि रात्री कुणीतरी जवळ झोपायचं.

श्वासाचा किंवा गिळण्याचा त्रास असेल, फिट्स आटोक्यात नसतील, मायस्थेनिया किंवा मस्क्युलर डिस्ट्रॉफी असेल, तर गल्लीतल्या क्लिनिकऐवजी हॉस्पिटलला जोडलेलं दंतमहाविद्यालय गाठणं शहाणपणाचं. मुंबई आणि नागपूरची शासकीय दंतमहाविद्यालयं, मुंबईतलं नायर, गोव्यात बांबोळीचं दंतमहाविद्यालय हे सार्वजनिक पर्याय आहेत. रांग असेल, दोन खेपा जास्त होतील, पण गरज पडलीच तर मोठ्या हॉस्पिटलची मदत मिळणं तिथून सोपं जातं.

आणि हे सगळे प्रश्न विचारल्यावर डॉक्टर रागावतील, ही भीती मनातून काढा. चांगल्या दातांच्या डॉक्टरांना असा पेशंट हवाच असतो, जो गोळ्यांची यादी घेऊन येतो. तुमच्या घरात असं कुणी असेल, तर ती यादी आजच करून मोबाइलमध्ये ठेवा. दात रात्री दोन वाजता दुखायला लागला, की न्यूरोलॉजिस्टचा फोन लागेलच असं नाही.